सकाळी शुगर ४१, सीटी स्कॅन नॉर्मल: इन्सुलिनोमाचा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा?

आपल्या प्रश्नाचा मला समजलेला सारांश आधी लिहितो, म्हणजे काही चुकत असल्यास आपल्या लगेच लक्षात येईल. आपल्या आईंचे वय ४७ आहे, त्या इंदूरला राहतात आणि त्यांना मधुमेह नाही. गेल्या दीड वर्षात अनेकदा असे घडले की सकाळी त्या नेहमीच्या वेळी उठल्या नाहीत, उठवल्यावर असंबद्ध बोलू लागल्या, अंग घामाने भिजलेले होते, आणि साखरपाणी पाजल्यावर थोड्याच वेळात पूर्ववत झाल्या, पण मधले त्यांना काही आठवले नाही. सुरुवातीला याला फिट समजून औषध सुरू झाले. गेल्या महिन्यात अशाच एका सकाळी वडिलांच्या ग्लुकोमीटरवर ४१ हा आकडा दिसला. नंतर प्रयोगशाळेत उपाशीपोटी शुगर ६२ आणि इन्सुलिन ८.४ आले, ज्यापुढे ‘नॉर्मल’ असे छापलेले आहे, आणि पोटाचा सीटी स्कॅनही नॉर्मल निघाला. आता एक जण हा मानसिक त्रास आहे म्हणतो, दुसरा मुंबईला जाऊन पेट स्कॅन करा म्हणतो, आणि तो कोठे करावा असे आपण विचारले आहे.

मी इंदूरमध्येच अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांवर उपचार करतो आणि अशी कागदपत्रे घेऊन येणारी कुटुंबे मला परिचित आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की इन्सुलिनोमा, म्हणजे शुगर कमी करणारे इन्सुलिन अकारण स्रवणारी स्वादुपिंडातील गाठ, कोठे आहे हा आपला आजचा प्रश्न नाही. आईंची शुगर खरोखर घसरते का, आणि घसरते त्या क्षणी त्यांच्याच स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवत असते का, हे अजून कोणीही सिद्ध केलेले नाही. ते सिद्ध होण्याआधी केलेला कोणताही स्कॅन, मग तो कितीही महाग असो, उत्तर देण्याऐवजी नवे प्रश्न उभे करतो. मी आईंना तपासलेले नाही, त्यामुळे त्यांना इन्सुलिनोमा आहे की नाही हे मी सांगू शकत नाही. शोध कोणत्या क्रमाने घ्यावा आणि तो क्रम तसा का, एवढे मात्र निश्चित सांगता येते.

हा क्रम जुना आहे. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला टोरंटोत इन्सुलिनचा शोध लागला आणि १९२४ मध्ये सील हॅरिस या अमेरिकी वैद्याने असे निरीक्षण मांडले की इन्सुलिनचा डोस जास्त झाल्यावर मधुमेहींना जो त्रास होतो तोच त्रास, एकही इंजेक्शन न घेतलेल्या काही माणसांना होतो. १९२९ मध्ये टोरंटोतच रॉस्को ग्रॅहम यांनी स्वादुपिंडातील अशी गाठ काढून रुग्णाला बरे केले. त्यानंतर शुगर कमी असल्याच्या संशयावरून पोट उघडण्याचे प्रकार वाढू लागले, तेव्हा शस्त्रक्रिया कोणावर करावी हे ठरवण्यासाठी न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक ॲलन व्हिपल यांनी १९३०च्या दशकात तीन अटी घातल्या: शुगर कमी असल्याची लक्षणे असावीत, त्याच वेळी रक्तातील शुगर मोजून कमी आढळावी, आणि शुगर वाढवल्यावर लक्षणे जावीत. या तिन्ही अटी एकाच प्रसंगात पूर्ण व्हाव्या लागतात. शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच स्वतःच्या हाताला घातलेला हा लगाम आहे, आणि स्कॅन सहज मिळू लागल्यापासून तो अधिकच आवश्यक झाला आहे असे माझे मत आहे.

आईंच्या बाबतीत पहिली आणि तिसरी अट बहुधा पूर्ण होते. दुसरी अर्धवट आहे, कारण ४१ हा आकडा ग्लुकोमीटरचा आहे. घरगुती ग्लुकोमीटरसाठी सध्याचे आंतरराष्ट्रीय मानक असे आहे की शुगर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरपेक्षा कमी असताना यंत्राचे बहुतांश आकडे १५ मिलिग्रॅमपर्यंत इकडेतिकडे झाले तरी ते यंत्र मान्य ठरते. म्हणजे ४१ दिसले तेव्हा खरी शुगर ५६ सुद्धा असू शकते, आणि २६ सुद्धा. मधुमेहींच्या रोजच्या नोंदींना एवढी अचूकता पुरते, या निदानाला पुरत नाही. दंडावर चिकटवायच्या सतत शुगर मोजणाऱ्या सेन्सरवरही मी निदान करत नाही, कारण झोपेत माणूस त्या कुशीवर वळला की दाबामुळे सेन्सर खोटी घसरण दाखवतो.

प्रयोगशाळेच्या ६२ या आकड्याची अडचण वेगळी आहे. इंदूरमध्ये रामबाग असो वा सुदामा नगर, घरून रक्त नेणारा मुलगा सकाळी सातला एका घरी असतो आणि आणखी चार घरे करून दहाच्या सुमारास प्रयोगशाळेत पोहोचतो. नळीतल्या रक्तपेशी त्या काळात साखर वापरतच राहतात, त्यामुळे वेगळे न केलेल्या रक्तातील शुगर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी कमी होते आणि उन्हाळ्यात त्याहून वेगाने. सोडियम फ्लोराइड असलेल्या, राखाडी झाकणाच्या नळीत ही घट मंदावते, पण पहिल्या तास-दोन तासांत तीही पूर्ण थांबत नाही. म्हणून ते ६२ प्रत्यक्षात ७० असू शकते, आणि मुळातच ६२ असेल तरी ती शुगर निदानासाठी पुरेशी खाली गेलेली नाही.

आता इन्सुलिन ८.४ कडे येतो, कारण सगळ्यांची दिशाभूल याच आकड्याने केली आहे. प्रयोगशाळेने छापलेली नॉर्मल मर्यादा ही शुगर नॉर्मल असलेल्या उपाशी माणसांची असते. शुगर ५५च्या खाली गेली की निरोगी स्वादुपिंड इन्सुलिन जवळजवळ बंद करते, आणि त्या स्थितीत ८.४ इन्सुलिन आढळले तर ते नॉर्मल नसून स्पष्टपणे जास्त आहे. विहीर आटत आली तरी मोटर चालूच राहावी, तसा हा प्रकार असतो. उलट शुगर ६२ किंवा ७० असताना ८.४ या आकड्यावरून होकारही देता येत नाही आणि नकारही देता येत नाही. त्यामुळे आईंचा रिपोर्ट इन्सुलिनोमा नाही असे सांगत नाही आणि आहे असेही सांगत नाही. चुकीच्या वेळी घेतलेल्या नमुन्याचा तो बरोबर रिपोर्ट आहे.

निर्णायक नमुना म्हणजे लक्षणे चालू असताना, शिरेतून, साखर देण्याच्या आधी घेतलेले रक्त. त्या एकाच नमुन्यात शुगर, इन्सुलिन, सी-पेप्टाइड, प्रोइन्सुलिन (इन्सुलिनचे पूर्वरूप), बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट हे कीटोन, आणि मधुमेहाच्या गोळ्यांचा अंश, हे सर्व तपासायचे असते. एंडोक्राइन सोसायटी या अंतःस्रावी विकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २००९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शुगर ५५च्या खाली असताना इन्सुलिन ३ मायक्रोयुनिट प्रति मिलिलीटर किंवा अधिक, सी-पेप्टाइड ०.६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर किंवा अधिक, प्रोइन्सुलिन ५ पिकोमोल प्रति लीटर किंवा अधिक आणि कीटोन २.७ मिलिमोल प्रति लीटर किंवा कमी असेल, तर शरीरातच इन्सुलिन अकारण तयार होत आहे असे मानले जाते. सी-पेप्टाइडचे महत्त्व असे की प्रोइन्सुलिन तुटून इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड समप्रमाणात बाहेर पडतात, पण बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनबरोबर सी-पेप्टाइड येत नाही. कीटोनचा तर्क त्याहून साधा आहे: उपाशी शरीर चरबी जाळून कीटोन बनवते, इन्सुलिन ते थांबवते, म्हणून दीर्घ उपवासात शुगर कमी असूनही कीटोन वाढलेले नसतील तर इन्सुलिन काम करत आहे. इन्सुलिनची मोजणी एखाद्या वेळी गडबडली तरी कीटोन खरे बोलतो, म्हणून मी त्याच्याशिवाय पुढे जात नाही. मूत्रपिंड कमकुवत असेल तर सी-पेप्टाइड उगाच जास्त दिसते, हेही लक्षात ठेवावे लागते.

असा नमुना दोन मार्गांनी मिळतो. पुढचा झटका आला आणि जवळचे रुग्णालय काही मिनिटांवर असेल, तर तेथे सलाइनची सुई लावतानाच आधी रक्त घेऊन मग ग्लुकोज द्यावे अशी विनंती आपण करू शकता. त्याला फारसा वेळ लागत नाही. परंतु आई बेशुद्ध असतील, आचके येत असतील किंवा रुग्णालय दूर असेल, तर नमुन्याचा विचारही करू नये. शुद्धीत असतील आणि गिळता येत असेल तर साखर द्यावी, शुद्धीत नसतील तर तोंडात काहीही घालू नये आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे. रोगाचे निदान चार दिवस उशिरा झाले तरी चालते, मेंदू उपाशी राहिलेला चालत नाही.

दुसरा आणि अधिक भरवशाचा मार्ग म्हणजे रुग्णालयात दाखल करून केलेली ७२ तासांची उपवास चाचणी. आपल्या घरांत ‘उपवास’ म्हटले की साबुदाण्याची खिचडी, रताळे, केळी आणि दूध डोळ्यांसमोर येते, म्हणून हे स्पष्ट सांगतो की या चाचणीत फक्त पाणी आणि बिनसाखरेचा कोरा चहा एवढेच चालते. साबुदाणा म्हणजे शुद्ध पिष्ट, तो खाल्ला की चाचणी तेथेच संपली. याच कारणाने संकष्टी किंवा एकादशीला आईंना काही झाले नव्हते या माहितीचा मला फारसा उपयोग नसतो, मात्र निर्जळी हरतालिकेला काय झाले होते हे मी आवर्जून विचारतो. शक्य असल्यास आपणही आठवून पाहा. त्याबरोबरच गेल्या दीड वर्षात त्यांचे वजन वाढले का, त्या रात्री उठून गोड खातात का, आणि पोहे-जिलबी पोटात गेल्यावर दिवसभर ठीक असून केवळ जेवण लांबले तरच बिघडतात का, हेही लिहून ठेवा.

चाचणीत शेवटच्या घासाची वेळ नोंदवून दर सहा तासांनी शिरेतून रक्त घेतात, शुगर ६०च्या खाली गेली की दर एक-दोन तासांनी. रुग्णाने जागेपणी हिंडतेफिरते राहावे. शुगर ४५च्या खाली जाऊन लक्षणे दिसली की चाचणी थांबवतात. पूर्वी व्हिपलच्या तिन्ही अटी प्रयोगशाळेच्या आकड्यासह सिद्ध झालेल्या असतील तर ५५च्या खालीही थांबवता येते. थांबवताना वर सांगितलेले सर्व नमुने घेऊन ग्लुकागॉन हे शुगर वाढवणारे हार्मोन १ मिलिग्रॅम शिरेतून देतात आणि पुढच्या अर्ध्या तासात शुगर २५ किंवा त्याहून अधिक वाढते का पाहतात. वाढली तर यकृतात साखरेचा साठा शिल्लक होता, म्हणजे इन्सुलिनने तो अडवून धरला होता. इन्सुलिनोमाच्या बहुसंख्य रुग्णांत ही चाचणी ४८ तासांच्या आतच निकाल देते, अनेकांत पहिल्याच दिवशी. नुसती शुगर कमी आली म्हणून मात्र कोणी चाचणी थांबवू नये, कारण निरोगी स्त्रियांमध्येही लांब उपवासात शुगर ५०च्या खाली जाऊ शकते. त्यांना लक्षणे नसतात आणि इन्सुलिन दबलेले असते.

ही चाचणी घरी करण्याचा मोह कृपया टाळा. रुग्णालय निवडतानाही इमारत न पाहता तीन गोष्टी विचारा: रात्री दोन वाजताही शुगरचा नमुना लगेच प्रयोगशाळेत जाईल का, इन्सुलिनचा नमुना तत्काळ वेगळा करून गोठवला जाईल का, आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांना आधी नमुना मग ग्लुकोज हा क्रम लेखी दिलेला असेल का. नमुन्यातील रक्तपेशी फुटल्या तर इन्सुलिन खोटे कमी दिसते, म्हणून रक्त घेणारा हातही सराईत हवा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रांवर हार्मोनचे आकडे बिघडतात. त्या किती दिवस आधी बंद करायच्या हे डोसप्रमाणे डॉक्टर सांगतील.

आपल्या मजकुरात दोन गोष्टी ओझरत्या आल्या आहेत आणि मला त्या सीटी स्कॅनपेक्षा महत्त्वाच्या वाटतात. पहिली, वडील मधुमेहाची ग्लिमेपिराइड घेतात आणि घरातील सर्वांच्या गोळ्या एकाच डब्यात असतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही औषधे स्वादुपिंडालाच इन्सुलिन सोडायला लावतात, त्यामुळे चुकून अशी गोळी पोटात गेली तर शुगर, इन्सुलिन, सी-पेप्टाइड, कीटोन हे सर्व आकडे हुबेहूब इन्सुलिनोमासारखे येतात. फरक फक्त रक्तात औषधाचा अंश शोधून कळतो, आणि तो झटक्याच्या वेळच्याच नमुन्यात शोधावा लागतो. रुग्णालयात, घरच्या डब्यापासून दूर, ७२ तास काहीच घडले नाही तर तोही एक धागा असतो. आजच डबे वेगळे करा, वडिलांच्या पट्ट्यांतील गोळ्या मोजून ठेवा, आणि आई कोणाकडून वजनासाठी किंवा ताकदीसाठी पुड्या घेत असतील तर त्याही दाखवा, कारण अशा काही पुड्यांत मधुमेहाची औषधे मिसळलेली आढळली आहेत. यात कोणावर संशय घेण्याचा हेतू नाही. पोट उघडण्यापूर्वी ही शक्यता कागदोपत्री खोडलेली असलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट, पायांच्या मुंग्यांसाठी आई जी कॅप्सूल घेतात तिच्यात मिथिलकोबालामिनबरोबर अल्फा लिपोइक ॲसिड आहे. आपल्याकडे हे मिश्रण सर्रास लिहिले जाते. काही थोड्या व्यक्तींमध्ये या औषधामुळे, तसेच थायरॉइडच्या मेथिमाझोलसारख्या औषधामुळे, स्वतःच्याच इन्सुलिनविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार होतात, जी इन्सुलिनला धरून ठेवतात आणि अवेळी सोडतात. हिराता यांनी १९७० मध्ये जपानमध्ये वर्णन केलेला हा विकार आहे. त्यात इन्सुलिनचा आकडा सहसा १००च्या वर, कधी हजारांत असतो, त्यामुळे ८.४ पाहता आईंच्या बाबतीत ही शक्यता मला कमी वाटते. तरीही इन्सुलिनविरोधी प्रतिपिंडांची तपासणी एकदा करावी आणि कॅप्सूल बंद करण्याबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावे, कारण हा विकार असेल तर औषध थांबवल्यावर बहुधा काही महिन्यांत तो ओसरतो आणि शस्त्रक्रियेचा प्रश्नच उरत नाही. फिटचे औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नका. ते टप्प्याटप्प्याने कमी करायचे की नाही हे निदानानंतर मेंदूविकारतज्ज्ञ ठरवतील.

याशिवाय अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींची कमतरता, यकृताचा गंभीर आजार, मद्य, पूर्वी झालेली वजन घटवण्याची शस्त्रक्रिया, ही कारणे इतिहासातून आणि साध्या तपासण्यांतून बाजूला काढता येतात. पाच तासांची ग्लुकोज पिण्याची चाचणी कोणी सुचवली तर नम्रपणे नाही म्हणा. तिच्यात कित्येक निरोगी माणसांचीही शुगर घसरते.

समजा उपवास चाचणीने शरीरातील अकारण इन्सुलिन सिद्ध केले आणि गोळ्या व प्रतिपिंडे नाहीत हेही स्पष्ट झाले, तर गाठ शोधण्याची वेळ येते, आणि तेव्हा आधीचा नॉर्मल सीटी कोणाला थांबवू शकत नाही. इन्सुलिनोमा दर वर्षी दहा लाखांत १ ते ४ जणांना होतो. सुमारे ९० टक्के गाठी २ सेंटिमीटरपेक्षा लहान, एकट्या आणि कर्करोगाच्या नसलेल्या असतात. या गाठींना रक्तपुरवठा भरपूर असल्याने रंगद्रव्य धमन्यांत असतानाच्या थोड्या वेळात त्या चमकतात. पोटदुखीसाठी करतात तसा साधा, एकाच टप्प्याचा सीटी झाला असेल तर तो क्षण निसटतो. म्हणून स्वादुपिंडासाठी ठरवलेला, बारीक कापांचा, अनेक टप्प्यांचा सीटी किंवा एमआरआय पुन्हा करावा, आणि त्यात न दिसल्यास एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, ज्यात दुर्बीण जठरातून स्वादुपिंडाच्या अगदी जवळ नेतात. त्याचे यश करणाऱ्याच्या हातावर बरेच अवलंबून असते आणि स्वादुपिंडाच्या शेपटीकडील गाठ त्यालाही निसटू शकते.

पेट स्कॅनबद्दल. सर्वत्र मिळणारा एफडीजी पेट येथे बहुधा निरुपयोगी असतो. गॅलियम डोटाटेट पेट इतर न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठी (हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या गाठींसाठी) उत्तम आहे, पण साध्या इन्सुलिनोमाच्या पेशींवर ते रसायन पकडणारे रिसेप्टर पुरेसे नसल्यामुळे तो अनेकदा कोरा येतो; शिवाय स्वादुपिंडाच्या डोक्याचा एक भाग निरोगी माणसातही त्यात उजळतो आणि स्वादुपिंडात दडलेला प्लीहेचा निरुपद्रवी तुकडाही गाठ म्हणून फसवतो. आधी रक्ताने निदान करा असा माझा आग्रह याच कारणाने आहे. एक्झेन्डिन हे दुसरे रसायन वापरून केलेला पेट मात्र इन्सुलिनोमासाठी खरोखर चांगला आहे, तो देशातील मोजक्या केंद्रांतच होतो, आणि प्रवास करायचाच झाला तर त्यासाठी करावा. त्या इंजेक्शनने शुगर घसरू शकते, म्हणून तेथेही ग्लुकोजची तयारी लागते. एवढे करूनही गाठ न दिसल्यास स्वादुपिंडाच्या एकेका धमनीत कॅल्शियम सोडून यकृताच्या शिरेत इन्सुलिन दुप्पट होते का हे पाहणारी चाचणी असते; तिने गाठ कोणत्या भागात आहे हे कळते. गाठ दिसत नसताना अंदाजाने अर्धे स्वादुपिंड कापण्याचा सल्ला कोणी दिला तर दुसरे मत घ्यावे. अनुभवी शल्यचिकित्सक हाताने चाचपून आणि शस्त्रक्रियेदरम्यानच्या अल्ट्रासाउंडने बहुतेक गाठी शोधतात.

तोपर्यंत आईंनी रात्री झोपण्यापूर्वी भाकरी-दूध यांसारखे काहीतरी पोटभरीचे खावे, जेवणांतील अंतर कमी ठेवावे, एकट्या झोपू नये आणि दुचाकी चालवू नये. उशाशी ग्लुकोजची पुडी ठेवावी.

आपल्या धाकट्या बहिणीचीही आत्ताच तपासणी करावी का, असे आपण शेवटी विचारले आहे. तिला लक्षणे नसतील तर सध्या नको. इन्सुलिनोमा असलेल्या १०० पैकी साधारण ५ ते १० जणांत मेन-१ हा आनुवंशिक विकार असतो, ज्यात परावटु (पॅराथायरॉइड) ग्रंथीही बिघडून कॅल्शियम वाढते, म्हणून आधी आईंचेच कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासून घ्या. ते वाढलेले निघाले, किंवा आजोळी वारंवार मुतखडे, पिट्युटरीची गाठ असे काही असल्याचे आठवले, तर बहिणीसाठी आणि आपल्यासाठीही आनुवंशिक चाचणीचा विचार करता येईल.